कलाइतिहासात आकडेवारी आणि डिजिटल साधनं: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

संग्रहालयाची तयार सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा तक्ता) उतरवून घ्यायची, एक्सेलमध्ये उघडायची, दोन-चार आलेख काढायचे आणि 'अमुक शतकात चित्रनिर्मिती वाढली' असं लिहून मोकळं व्हायचं, हा प्रकार हल्ली प्रबंधांतही दिसायला लागलाय. आलेख देखणे असतात. पण त्यांत दिसणारी वाढ पुष्कळदा चित्रकारांची नसतेच, नोंदवहीची असते. कुणी एका वर्षी मोठा संग्रह दान केलेला असतो, कुणी 'अठरावं शतक' असं लिहिण्याऐवजी रकान्यात १७०० टाकलेलं असतं, आणि आपण त्यावर कलेचा इतिहास रचत बसतो.

हा लेख ज्यांना चित्रं, शिल्पं, शैली यांची जाण आहे पण संगणकाचं फारसं प्रशिक्षण नाही अशांसाठी आहे. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी इथलं जवळजवळ सगळं करता येतं.

आकडे या विषयाला नवे नाहीत. फ्रेंच समीक्षक रॉजे द पील याने १७०८ मध्येच नामांकित चित्रकारांची गुणपत्रिका काढली होती. रचना, रेखाटन, रंग आणि भावदर्शन असे चार विषय, प्रत्येकी २० पैकी गुण. राफाएलला १७, १८, १२, १८ आणि रुबेन्सला १८, १३, १७, १७. दोघांची बेरीज ६५. काराव्हाज्जोला भावदर्शनात चक्क शून्य! या गुणांवरून काराव्हाज्जोबद्दल काही कळत नाही, १७०८ सालच्या पॅरिसच्या अभिरुचीबद्दल मात्र भरपूर कळतं. विसाव्या शतकात जॉन मायकेल माँटियास या अर्थशास्त्रज्ञाने वेगळी वाट धरली. डेल्फ्ट शहरातल्या नोटरींची दफ्तरं, मृत्यूनंतर केलेल्या घरातल्या वस्तूंच्या याद्या, चित्रकार संघाच्या नोंदी असं सगळं धुंडाळून कोणाच्या घरी किती चित्रं होती हे त्याने मोजलं. डेल्फ्टचा चित्रकार फेरमेर याची बरीचशी चित्रं पीटर फान राउफेन या एकाच गिऱ्हाइकाकडे गेली असावीत, हा त्याचा निष्कर्ष त्यातूनच आला. गुण देणं आणि मोजणं यांत फरक आहे. पुढे जे सांगतोय ते मोजण्याबद्दल.

हाताशी काय हवं

- ओपनरिफाइन: विस्कळीत तक्ते साफ करायला. फुकट आहे. ब्राउझरमध्ये उघडतं, पण चालतं तुमच्याच संगणकावर.
- लिब्रेऑफिस कॅल्क किंवा एक्सेल: बेरजा, पिव्होट टेबल (गटवार बेरजांचा तक्ता), साधे आलेख.
- झोटेरो (संदर्भांसाठी) आणि ट्रॉपी (अभिलेखागारात काढलेल्या फोटोंच्या नोंदींसाठी).
- गरज पडली तरच: नकाशांसाठी क्यूजीआयएस, संबंधांच्या जाळ्यांसाठी गेफी किंवा पॅलाडिओ.
- एक साधी टेक्स्ट फाइल. तिच्यात रोज काय केलं, कोणता निर्णय का घेतला हे तारखेसह लिहायचं. या यादीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच, आणि नेमका हिचाच कंटाळा केला जातो.

आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा पुढे शिकलात तर उत्तमच. पण पहिल्याच दिवशी त्यात शिरू नका. महिनाभर भाषा शिकण्यात जातो आणि प्रश्न तसाच राहतो.

१. आधी प्रश्न, मग फाइल

'रागमाला चित्रांचा (राग-रागिणींना रूप देणाऱ्या लघुचित्रांचा) डिजिटल अभ्यास' हा प्रश्न नाही, ते शीर्षक झालं. 'इसवी सन १६०० ते १८०० या काळात रागमाला चित्रांच्या कागदाचा आकार बदलत गेला का, आणि वेगवेगळ्या केंद्रांत तो सारखाच बदलला का?' हा प्रश्न आहे. त्यातून तक्त्याचे रकाने आपोआप ठरतात: उंची, रुंदी, काळ, केंद्र, सध्या कुठे आहे.

प्रश्न पक्का आहे का हे पाहायची एक कसोटी आहे. कोणतं उत्तर मिळालं तर तुमचं गृहीतक चुकलं असं तुम्ही मान्य कराल, ते आधीच कागदावर लिहा. लिहिता येत नसेल तर आकडे गोळा करून उपयोग नाही, कारण काहीही हाती आलं तरी तुम्ही ते आपल्या बाजूनेच वळवाल. आणि दहा-बारा चित्रं नीट बघून उत्तर मिळणार असेल, तर चित्रंच बघा.

२. एक ओळ म्हणजे काय, हे ठरवा

यावर घाई करू नका. तक्त्यातली एक ओळ म्हणजे नक्की कोणती गोष्ट?

रागमालेचा एक संच ३६ चित्रांचा असू शकतो (६ राग आणि प्रत्येकाच्या ५ रागिणी), ४२ चित्रांचाही असतो, आणि पहाडी परंपरेत रागपुत्रही धरल्यामुळे ८४ पर्यंत जातो. हे संच फुटले, पानं जगभर पांगली. नासिरुद्दीन या चित्रकाराच्या १६०५ मधल्या, मेवाडातल्या चावंड इथल्या रागमालेची पानं आज निरनिराळ्या संग्रहांत आहेत. प्रत्येक संग्रहालय आपल्याकडच्या पानाला स्वतंत्र क्रमांक देतं. तुम्ही पानं मोजलीत तर एकच संच तीस-पस्तीस वेळा मोजला जातो आणि 'मेवाडमध्ये १६०५ च्या सुमारास चित्रनिर्मितीला बहर आला' असा भास होतो. संच मोजलेत तर ज्यांचं एकच पान उरलंय आणि ज्यांची सगळी पानं उरलीत ते एकाच मापाने मोजले जातात. दोन्ही पद्धती चालतात. मात्र कोणती घेतली ते ठरवायला हवं, आणि एका प्रकरणात एक व दुसऱ्यात दुसरी असं होता कामा नये.

छापील चित्रांत हा गुंता आणखी वाढतो. जपानी चित्रकार होकुसाईच्या फुजी पर्वताच्या मालिकेच्या नावात छत्तीस दृश्यं आहेत, प्रत्यक्षात चित्रं ४६. त्यातल्या एकेका चित्राच्या असंख्य प्रती निघाल्या आणि एकाच संग्रहालयाकडेही एकापेक्षा जास्त प्रती असू शकतात. मग ओळ कशाची धरायची, आराखड्याची की हातातल्या प्रतीची?

सर्वांत बोलकं उदाहरण टेट या ब्रिटिश संग्रहालयाचं. त्यांनी गिटहब या फाइली वाटण्याच्या संकेतस्थळावर ठेवलेल्या फाइलमध्ये सुमारे ७० हजार नोंदी आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त एकट्या चित्रकार टर्नरच्या. कारण कलात्मक नाही, कायदेशीर आहे. टर्नर १८५१ मध्ये वारला, त्याच्या मृत्युपत्राचा वाद १८५६ मध्ये मिटला आणि त्याच्याकडे उरलेलं त्याचं सगळं चित्रकाम राष्ट्राकडे आलं. त्यात तैलचित्रं तीनशेच्या आसपास, बाकी हजारो रेखाटनं आणि जलरंग. स्केचबुकातलं प्रत्येक पान वेगळं नोंदवलं गेलं, कोऱ्या पानांसकट. आता या फाइलवरून 'ब्रिटिश कलेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निसर्गचित्रांची लाट' असा आलेख काढलात तर ती लाट एका माणसाच्या वह्यांची असेल. अशा वेळी आलेख दोनदा काढा, टर्नरसह आणि टर्नरशिवाय.

३. सामग्री कुठे मिळते

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने (पुढे 'मेट') २०१७ मध्ये आपल्या नोंदी सीसी झीरो या विनाअट वापराच्या परवान्याखाली खुल्या केल्या. आज त्या फाइलमध्ये पावणेपाच लाखांच्या घरात वस्तू आहेत. न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट, वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट आणि क्लीव्हलंड म्युझियम ऑफ आर्ट यांच्याही फाइली गिटहबवर मिळतात. शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट आणि लंडनचं व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम एपीआयमार्फत (प्रोग्रॅमने थेट माहिती मागवायची सोय) माहिती देतात. लिलाव आणि मालकीच्या इतिहासासाठी गेटी प्रोव्हेनन्स इंडेक्स. सगळ्यांना जोडणारा धागा म्हणून विकिडेटा हा खुला माहितीसंच.

इथे तीन गोष्टींत हटकून फसायला होतं.

पहिली, मेटची फाइल गिटहबच्या 'डाउनलोड झिप' बटनाने घेतली तर कधीकधी दोन-तीन ओळींची चिमुकली फाइल हाती येते. ती बिघडलेली नसते. मोठ्या फाइली गिट एलएफएस या वेगळ्या सोयीत ठेवलेल्या असतात आणि तुम्हाला फक्त त्यांचा पत्ता मिळालेला असतो. सीएसव्ही फाइलच्या पानावर जाऊन ती थेट उतरवून घ्या.

दुसरी, फाइल कोणत्या तारखेची आहे ते बघा. टेटची फाइल २०१४ पासून अद्ययावत झालेली नाही. जुनी आहे म्हणून ती टाकाऊ ठरत नाही, पण 'टेटच्या संग्रहात आज' असं वाक्य तिच्या जोरावर लिहिता येत नाही.

तिसरी, नोंदी खुल्या असल्या म्हणजे चित्रांच्या प्रतिमाही खुल्या असतात असं नाही. हयात किंवा अलीकडच्या कलावंतांच्या प्रतिमांवर स्वामित्वहक्क असतो. शिवाय एपीआय वापरताना मर्यादा पाळा. मेटची मर्यादा सेकंदाला ८० विनंत्यांची आहे, लहान संग्रहालयांचे सर्व्हर त्याहून खूपच आधी धाप टाकतात.

तुमच्या विषयाची तयार फाइल नसेल, आणि बहुतेकांच्या विषयाची नसतेच, तर जुन्या प्रदर्शनांचे कॅटलॉग, लिलावाच्या याद्या, दानपत्रं यांतून स्वतःचा तक्ता बांधावा लागतो. तो बांधताना एका रकान्यात एकच माहिती, प्रत्येक ओळीला न बदलणारा क्रमांक, आणि माहिती कुठून घेतली त्याचा रकाना पान क्रमांकासह. छापील पानांचं ओसीआर (पानाच्या फोटोतली अक्षरं मजकुरात उतरवणं) करायला टेसेरॅक्ट हे साधन मराठीसाठीही चालतं. हस्तलिखितांना ट्रान्सक्रिबस आहे, पण तिथे तयार मॉडेल जुळलं नाही तर आधी त्या हस्तलिखितातल्या अक्षराच्या नमुन्यांवर त्याला शिकवावं लागतं. शंभरेक पानांसाठी हाताने टिपणं अजूनही जास्त वेगाने होतं, असं माझं मत.

४. कच्च्या फाइलला हात लावू नका

मूळ फाइल 'कच्ची' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा, फक्त वाचता येईल अशी करा आणि सगळं काम प्रतीवर करा.

सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडण्याची सवय आजच सोडा. एक्सेल विचारत नाही, परस्पर बदल करतं. संग्रह क्रमांक १०.१२० असेल तर तो १०.१२ होतो आणि दोन वेगळ्या वस्तूंचा क्रमांक एकच होऊन बसतो. ३-५ असा क्रमांक पाच मार्च किंवा तीन मे होतो. आकड्याच्या सुरुवातीची शून्यं गायब होतात. देवनागरी किंवा फ्रेंच अक्षरांची रांगोळी होते. हा त्रास इतका सार्वत्रिक आहे की जनुकशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये काही मानवी जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं.

उपाय सोपा आहे. एक्सेलमध्ये 'डेटा' मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा आणि क्रमांकाचे रकाने 'टेक्स्ट' म्हणून आत आणा. लिब्रेऑफिस हे सगळं उघडतानाच विचारतं. आणखी एक लक्षात असू द्या: एक्सेलचं कॅलेंडर १ जानेवारी १९०० पासून सुरू होतं. त्याआधीच्या तारखा त्याला तारखा वाटतच नाहीत. म्हणून वर्ष, महिना, दिवस यांचे वेगळे रकाने करा आणि त्यात साधे आकडे ठेवा.

५. नावं एकसारखी करणं

ओपनरिफाइनची खरी गंमत इथे आहे. समजा चित्रकाराच्या रकान्यात (रोमन लिपीत) 'अमृता शेर-गिल', 'शेर-गिल, अमृता' आणि 'अमृता शेर गिल' अशा तीन तऱ्हा आहेत. रकान्याच्या बाणावर क्लिक करून 'टेक्स्ट फॅसेट' काढा, डावीकडे सगळ्या तऱ्हा संख्येसह दिसतील. मग 'क्लस्टर' दाबा. 'फिंगरप्रिंट' ही पहिली पद्धत विरामचिन्हं काढते, सगळी अक्षरं लहान करते आणि शब्द वर्णानुक्रमाने लावते. त्यामुळे पहिल्या दोन तऱ्हा लगेच एकत्र येतात. तिसरी येत नाही, कारण जोडरेघ गेल्यावर पहिल्या दोन्हींत आडनावाचा एकच शब्द उरतो आणि तिसरीत ते दोन शब्दच राहतात. तिच्यासाठी पद्धत बदलून 'निअरेस्ट नेबर' मधलं 'लेव्हनश्टाइन' घ्या. ते दोन नावांत किती अक्षरांचा फरक आहे ते मोजतं.

आता सावध व्हा. हीच पद्धत दोन वेगळ्या माणसांनाही एकत्र करते. ब्रॉयगेल या चित्रकारांच्या घराण्यात पीटर थोरला आणि पीटर धाकटा आहेत, यान थोरला आणि यान धाकटा आहेत. आडनावाचं स्पेलिंगही घरातल्या घरात बदलतं. 'सिलेक्ट ऑल' दाबून 'मर्ज' केलंत की चार माणसांचा एक चित्रकार तयार होतो. प्रत्येक क्लस्टर डोळ्यांखालून घाला.

नावाआधीचे शब्द पुसू नका. 'यांच्या नावे मानलेलं', 'कार्यशाळेतलं', 'यांच्यावरून केलेलं' हे वेगळ्या रकान्यात काढा. मेटच्या फाइलमध्ये असा रकाना मुळातच आहे. कोणतं चित्र कोणाचं हे मत काळानुसार बदलतं. रेम्ब्रांटची ब्रेडियस यांनी १९३५ मध्ये केलेली यादी सहाशेच्या वर गेली होती, १९६० च्या दशकाच्या अखेरीस गेर्सोन यांनी ती चारशेच्या आसपास आणली. रेम्ब्रांट तोच, चित्रंही तीच. म्हणून 'रेम्ब्रांटने किती चित्रं काढली' याच्या उत्तरासोबत कोणाच्या यादीनुसार ते लिहावंच लागतं.

नावं साफ झाली की त्यांना ओळख क्रमांक जोडा. ओपनरिफाइनमधल्या 'रिकन्साइल' ने विकिडेटाचा क्रमांक मिळतो, गेटीच्या यूलान या कलावंतसूचीचाही जोडता येतो. पुढे दोन संग्रहालयांच्या फाइली एकत्र करताना याच क्रमांकांमुळे काम निभावतं.

मराठीत नोंदी करत असाल तर एक वेगळीच गोम आहे. पडद्यावर सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाला वेगळे असू शकतात. 'ऱ' हे अक्षर एकसंध टाइप होतं किंवा 'र' आणि नुक्ता असं दोन तुकड्यांत. 'अंबर' आणि 'अम्बर' तर उघडच वेगळे. पहिल्यावर उपाय युनिकोड नॉर्मलायझेशन (अक्षराची वेगवेगळी सांकेतिक रूपं एकाच रूपात आणणं), दुसऱ्यावर स्वतःचा लेखननियम. नियम एकदा ठरवा आणि त्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा.

६. काळाचा रकाना

कलावस्तूंच्या तारखा क्वचितच नेमक्या असतात. 'सुमारे १७५०', 'अठराव्या शतकाचं दुसरं चरण', '१७४०–६०'. संग्रहालयं यासाठी दोन रकाने ठेवतात, आरंभवर्ष आणि अंतवर्ष. नवखे लोक आरंभवर्ष उचलतात आणि त्यावर आलेख काढतात. मग १७००, १७५०, १८०० या गोल आकड्यांवर उंच मनोरे उभे राहतात. त्या वर्षांत काही घडलेलं नसतं. नोंद करणाऱ्याने 'अठरावं शतक' म्हणून १७०० ते १७९९ लिहिलेलं असतं, एवढंच.

यावर पुरातत्त्वात वापरली जाणारी एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक वस्तूला एक गुण द्या आणि तो तिच्या शक्य काळात समान वाटा. '१७४०–६०' असं लिहिलेलं चित्र १७४० च्या दशकाला अर्धा आणि १७५० च्या दशकाला अर्धा गुण देईल. 'अठरावं शतक' असं लिहिलेलं चित्र दहाही दशकांना प्रत्येकी ०.१ देईल. सगळ्या वस्तूंचे गुण दशकवार जोडा. कॅल्कमध्ये हे एका सूत्राने होतं. मनोरे विरतात आणि उरलेला उंचवटा जास्त विश्वासार्ह असतो. तोटा असा की खरोखर अचानक झालेला बदलही या पद्धतीत बोथट होतो. म्हणून सोबत दुसरी तपासणी करा: ज्यांची काळमर्यादा वीस वर्षांच्या आत आहे अशाच वस्तू घेऊन आलेख पुन्हा काढा. दोन्हींचा आकार जुळला तर पुढे जा.

शून्यावर नजर ठेवा. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या कलावंतांच्या फाइलमध्ये जन्म किंवा मृत्यूचं वर्ष माहीत नसेल किंवा कलावंत हयात असेल तर तिथे ० असतो. तसाच ठेवून सरासरी आयुर्मान काढलंत तर डोक्याला हात लावायची वेळ येईल. शून्य आणि रिकामी जागा या वेगळ्या गोष्टी आहेत.

भारतीय सामग्रीत पंचांगांची भर पडते. विक्रम संवतातून साधारण ५७ वजा करायचे, वर्षाच्या शेवटच्या काही महिन्यांसाठी ५६. शके असेल तर ७८ मिळवायचे, शेवटच्या महिन्यांसाठी ७९. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे साधी वजाबाकी चालतच नाही. हिजरी १००० हे ऑक्टोबर १५९१ ते ऑक्टोबर १५९२ असं पसरलेलं आहे. वस्तूवरच्या मूळ लेखात जी तारीख आहे ती जशीच्या तशी एका रकान्यात ठेवा आणि इसवी सनातलं आरंभवर्ष-अंतवर्ष वेगळ्या रकान्यांत. रूपांतर करून मूळ पुसून टाकणाऱ्याला पुढे कोणी वाली नाही.

७. मापं आणि किमती

मापाच्या रकान्यात चित्राचं माप आहे, कागदाचं की चौकटीचं, ते आधी बघा. मेटमध्ये एकाच खान्यात दोन्ही मापं, इंच आणि सेंटिमीटर अशी मिळून असतात. फक्त सेंटिमीटरचे आकडे वेगळे काढा. रागमालेच्या पानांच्या कडा पुढच्या मालकांनी कापलेल्या किंवा नव्याने जोडलेल्या असतात, तेव्हा पानाच्या मापापेक्षा आतल्या चित्राचं माप भरवशाचं.

लिलावाच्या किमतींत हातोडा पडला ती किंमत आणि खरेदीदाराचं कमिशन धरून होणारी किंमत वेगळी असते. न विकलेल्या वस्तू यादीतून गळलेल्या असतील तर 'भाव वाढले' या विधानाला आधार उरत नाही.

८. मोजायला बसताना

पहिला आलेख निर्मितीच्या वर्षाचा काढू नका. वस्तू संग्रहालयात कोणत्या वर्षी आली त्याचा काढा. मेटमध्ये तसा रकाना आहे, म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्येही आहे. त्यावर एखादा सुळका दिसला तर ते दान किंवा ती खरेदी कोणाची होती ते शोधा. या एका आलेखाने मला जितकं शिकवलंय तितकं कोणत्याही मोठ्या सॉफ्टवेअरने नाही. संग्रह म्हणजे निर्मितीची शिरगणती नव्हे. सतराव्या शतकात डच प्रजासत्ताकात लाखो चित्रं रंगवली गेली, त्यातला फार थोडा अंश उरलाय, आणि जो उरलाय तो महागड्या, जपल्या गेलेल्या चित्रांकडे झुकलेला आहे.

आकार आणि किमती यांच्यासाठी सरासरीऐवजी मध्यक (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) वापरा. एकच भलंमोठं भित्तिचित्र सरासरीला फरफटत नेतं. टक्केवारी देताना छेद सांगा. 'स्त्री कलावंतांचं प्रमाण १५ टक्के' हे कलावंतांपैकी की कलाकृतींपैकी? आणि ज्यांचा लिंगाचा रकाना रिकामा आहे त्यांचं काय केलंत?

चॅटबॉटकडून रिकाम्या तारखा भरून घेण्याचा मोह होईल. तो भरून देतो, मोठ्या आत्मविश्वासाने. तक्त्यातलं कोणतं उत्तर कागदावरून आलं आणि कोणतं हवेतून, हे महिन्याभराने तुम्हालाही सांगता येणार नाही. फाइलीतले ढोबळ नमुने शोधायला किंवा सूत्र लिहायला मदत घ्या, माहिती भरायला नको.

९. नकाशे, जाळी, रंग

नकाशावर ठिकाणं टाकायला गेटीची टीजीएन ही ठिकाणांच्या नावांची सूची वापरा, तिच्यात ऐतिहासिक नावंही आहेत. 'भारत' एवढंच लिहिलेल्या वस्तू आपोआप अक्षांश-रेखांश देणारी साधनं देशाच्या मध्यावर नेऊन टाकतात आणि नकाशावर तिथे एक जबरदस्त कलाकेंद्र उगवतं. पश्चिम आफ्रिकेजवळच्या समुद्रात ठिपके दिसले तर त्या ०,० निर्देशांकाच्या, म्हणजे ठिकाण न सापडलेल्या ओळी.

गेफीमधलं जाळं पहिल्यांदा उघडलं की लोकरीच्या गुंड्यासारखं दिसतं. ते प्रबंधात चिकटवू नका. कोणत्या दोन व्यक्तींमध्ये रेघ ओढायची, पत्रव्यवहार असला की, एका प्रदर्शनात असले की, गुरुशिष्य असले की, हे एकाच प्रकाराचं ठेवा. जाळ्याच्या मधोमध बसलेली व्यक्ती कित्येकदा सर्वांत प्रभावी नसते, तिची पत्रं जपली गेली म्हणून ती मधोमध असते.

रंगांचं मोजमाप दिसायला आकर्षक असतं आणि मला त्याबद्दल सर्वाधिक शंका आहे. एकाच चित्राचे दोन संग्रहालयांच्या प्रकाशात काढलेले फोटो रंगांत बरेच वेगळे निघतात. जुन्या व्हार्निशचा पिवळेपणा चित्रकाराच्या खात्यावर जमा होतो. सिस्टिन चॅपलचं छत १९८० च्या दशकात स्वच्छ केलं गेलं. त्याआधीच्या आणि नंतरच्या छायाचित्रांवरून मायकेलअँजेलोचे दोन वेगळे रंगपट काढता येतात. रंग मोजायचेच असतील तर एकाच संस्थेने, एकाच पद्धतीने, रंगपट्टी ठेवून काढलेल्या प्रतिमा घ्या. प्रतिमा मोठ्या आकारात बघायच्या आणि शेजारी-शेजारी ठेवायच्या असतील तर आयआयआयएफ ही प्रतिमा वेबवर दाखवण्याची सामाईक पद्धत पाळणारे संग्रह निवडा. प्रतिमा उतरवून न घेताही तुलना करता येते.

१०. लिहिताना आणि सुपूर्द करताना

पद्धतीच्या विभागात एवढं असायलाच हवं: फाइल कुठून घेतली, कोणत्या तारखेला, मुळात किती ओळी होत्या, किती गाळल्या आणि का, एक ओळ म्हणजे काय धरलं, वस्तूचा गुण तिच्या काळात कसा वाटून दिला, कोणाची श्रेयनिश्चिती (कोणतं चित्र कोणाचं हे मत) मानली. परीक्षक नेमकं हेच विचारतात. ओपनरिफाइनमध्ये 'अनडू/रीडू' खाली 'एक्स्ट्रॅक्ट' दाबलं की तुम्ही केलेल्या प्रत्येक बदलाची यादी जेसन फाइल म्हणून मिळते. ती परिशिष्टात जोडली की निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. मात्र एकेका खान्यात हाताने केलेली दुरुस्ती त्या यादीत येत नाही. ती टेक्स्ट फाइलमध्ये लिहायची.

प्रत्येक आलेखाखाली 'एकूण इतक्या नोंदींपैकी' हा आकडा द्या. शंभर ओळींपैकी चाळीसच ओळींत माप असेल तर तो आलेख चाळिसांचा आहे.

शेवटी साफ केलेला तक्ता झेनोडो या संशोधनसामग्री ठेवायच्या संकेतस्थळावर ठेवा. फुकट आहे, डीओआय हा कायमचा क्रमांक मिळतो आणि इतरांना तुमच्या तक्त्याचा हवाला देता येतो. सोबत रकान्यांचा अर्थ सांगणारी एक पानाची फाइल द्या. मूळ संग्रहालयाचा परवाना तपासून त्याच अटी पुढे लावा. प्रतिमा त्यात टाकू नका, त्यांचे दुवे टाका.